खलीलभाईंची बोहनी

मी एका मेलेल्या माणसाला एक रुपया पाठवला, आणि त्याने तो परत केला.

पाठवला तो चुकून. पिशोरच्या आठवडी बाजारात आमच्या बँकेने मांडव टाकला होता. सरकारने नव्याने काढलेला डिजिटल रुपया लोकांना दाखवायचा, पटवायचा आणि जमलंच तर त्यांच्या फोनात उतरवून द्यायचा, असा बेत. मुंबईहून एक मोठे साहेब आले होते. या कामाचा अधिकारी मी, त्यामुळे माईक माझ्या हातात आणि चष्मा गाडीत. "आता मी आपल्यासमोर एक रुपया पाठवून दाखवतो," असं जाहीर केलं. ज्याच्याशी आपली देवाणघेवाण जास्त, त्याचं नाव फोनात सगळ्यात वर असतं. सवयीने मी वरच्या नावावर अंगठा टेकवला आणि "गेला!" म्हणालो. साहेबांनी विचारलं, "कुणाला गेला?" मी फोन हातभर लांब धरून वाचलं. खलीलभाई.

खलीलभाईंना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्यांच्या मिट्टीला मी स्वतः हजर होतो. तीन मुठी माती माझ्या या हातांनी टाकली होती.

मी फोन खिशात घालणार, तेवढ्यात तो टुणकन वाजला. खलीलभाई यांच्याकडून एक रुपया मिळाला. "पाहिलंत?" साहेब गर्दीकडे वळून म्हणाले, "क्षणात गेला, क्षणात आला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दुसरं काय करणार? माझ्या टाळीचा आवाज मात्र काही केल्या येत नव्हता.

खलीलभाई आमच्या शाखेचे हेडकॅशियर. उंच, सडपातळ, उन्हाळा असो की हिवाळा, राखाडी सफारी. उभी नोकरी नोटा मोजण्यात गेली, त्यामुळे अंगठा जिभेला लावल्याशिवाय त्यांना काहीही करता येत नसे. वर्तमानपत्र उलटताना अंगठा जिभेला, लग्नपत्रिका उघडताना अंगठा जिभेला. पुढे फोन हातात आला तेव्हाही तेच. ओल्या अंगठ्याने फोन ऐकायचा नाही, मग ते त्याला सफारीच्या कोपऱ्याने पुसायचे आणि म्हणायचे, "याला जरा नखरा जास्तय, साहेब. नोट गरीब होती."

हिशेबात त्यांची एक अजब रीत होती. संध्याकाळी रोकड कमी भरली तर ते शांत असत, खिशातून घालून मोकळे होत. पण एखादा रुपया जास्त भरला की त्यांचा चेहरा उतरायचा. दिवसभराची गिऱ्हाइकं आठवत बसायचे, फोन करायचे, एकदा तर पेन्शन घेऊन गेलेल्या एका म्हाताऱ्याच्या घरी शेंद्र्यापर्यंत जाऊन आले. मी हसलो तर म्हणाले, "कमी पडला तर माझा गेला, साहेब. जास्त झाला तर कुणाचा तरी गेला. दुसऱ्याचा रुपया घरात झोपू देत नाही."

ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत हा डिजिटल रुपया आमच्या गळ्यात पडला. वरून फर्मान आलं, लोकांना वापरायला लावा. मी उत्साही माणूस. सादरीकरण तयार केलं, त्यात बाण काढले, बाणांना रंग दिले. क्रांती चौकात मोठी छत्री लावून टेबल टाकलं. पहिल्या दिवशी दोघं आले. एकाला कन्नडची बस कुठून सुटते ते हवं होतं, दुसऱ्याला फोन चार्ज करायचा होता. त्या दुसऱ्याला मी धरला. हा रुपया म्हणजे खात्यातली शिल्लक नव्हे, हे प्रत्यक्ष चलन आहे, नोटेसारखंच, फक्त कागद नाही, असं मनापासून समजावलं. "म्हणजे ते बिटकॉइनवालं?" त्याने विचारलं. त्याचा मेहुणा त्यात बुडाला होता. मी पुन्हा पहिल्या बाणापासून सुरुवात केली. त्याने चार्जिंग अर्धवट सोडलं आणि रस्ता धरला.

हे सगळं खलीलभाई पलीकडच्या टपरीवरून बघत होते. चहा संपवून आले. "साहेब, तुम्ही समजावता लई," ते म्हणाले. "समजलं की माणूस विचार करायला घरी जातो. परत येत नाही."

"मग काय करायचं?"

"मला तरी कुठं समजलाय हा रुपया? नोट तरी कुठं समजली होती? बोहनी समजते मला."

त्यांचं म्हणणं असं. दुकानदार दिवसभर फोनवर पैसे घेतो, कुरकुर करत नाही. पण सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याला हातात नोट हवी. ती तराजूला लावायची, कपाळाला लावायची, मग गल्ल्यात. तिथे फोन चालत नाही. "जो पैसा बोहनीला चालत नाही, तो पैसाच नाही. कूपन झालं ते. एकदा सकाळी चालला ना, की दिवसभर त्याला कुणी अडवत नाही."

मी त्यांना मानधनावर घेतलं. वरिष्ठांना लिहिताना 'बोहनी' हा शब्द घालायचा धीर झाला नाही, 'प्रातःकालीन प्रथम व्यवहार योजना' असं लिहिलं. मंजूर झालं.

त्या दिवसापासून शहागंजची गल्ली उघडायच्या वेळेला खलीलभाई तिथे हजर. शटर वर जाताना समोर उभे. दुकानात कधी बसायचे नाहीत. "बँकेचा माणूस बसला की वसुलीला आल्यासारखा दिसतो. उभा राहिला की गिऱ्हाईक." बन्सीशेठच्या किराण्यात एका रुपयाचे मिरे, शेजारी एका रुपयाची सुई, पुढे एक गोळी, एक चिंचेचं बुटूक. पैसे डिजिटल रुपयात. आधी लोकांनी त्यांना हाकललं. "खलीलभाई, सकाळी सकाळी नक्को, दिवस खराब करू नका." ते हसायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे. बन्सीशेठने एकदा कंटाळून घेतला. त्या दिवशी त्याच्याकडे म्हणे एका लग्नघरचा सगळा किराणा गेला. झालं. दिवाळीआधी अख्खी गल्ली खलीलभाईंच्या हाताची वाट बघायला लागली. कुणी उशिरा शटर उघडलं तर तोच ओरडायचा, "खलीलभाई, माझं राहिलं!"

कपाळाला लावायची अडचण मात्र होतीच. लोक सवयीने फोन कपाळाला लावायचे आणि कपाळाने काय काय दाबलं जायचं. पिशोरला भिवराबाई नावाची धनगराची म्हातारी लोणी विकायची. तिने आधी विचारलं, "ह्यो रुपया हाय व्हय? मंग वाजवून दाव."

"मौशी, नोट कुठं वाजते? तरी घेतीस ना?"

"नोटंला हात लागतो, बाबा. ह्याला काय लागतंय?"

खलीलभाईंनी रुपया आलेला तिचाच फोन दोन्ही हातांवर ठेवून तिच्यापुढे धरला, ताट धरावं तसा. तिने घेतला, तराजूच्या पारड्याला टेकवला, डोळे मिटून कपाळाला लावला, आणि फोन थेट तिच्या सुनेला लागला. "काय झालं आत्याबाई?" असा आवाज कपाळातून यायला लागल्यावर म्हातारी जी दचकली! तेव्हापासून खलीलभाई गावोगाव शिकवायचे, "आधी बटण दाबून फोन झोपवा, मग कपाळाला लावा." आमच्या छापील पत्रकात ही सूचना कुठेच नव्हती. लोक तेवढीच पाळायचे.

एका माणसाला मात्र ते पटवू शकले नाहीत. शमीमभाभी, त्यांच्या पत्नी. मूळच्या पिशोरच्या, मराठी माझ्याहून ठसकेबाज. घरखर्चाच्या नोटा त्या तांदळाच्या डब्याखाली ठेवायच्या आणि फोनातल्या पैशाला हातही लावायच्या नाहीत. खलीलभाई रोज घरी एका रुपयाच्या वस्तूंनी खिसे भरून यायचे, त्यावर त्यांचा खास राग. ईदला शीरखुर्मा घ्यायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "भाईसाब, इतक्या सुया झाल्यात की आता दर्जी पाळावा लागंल. अन् ह्या पैशानं दूध येत नाय, भाजी येत नाय, निस्ते मिरे येतात." खलीलभाई माझ्या कानाशी म्हणाले, "आख्खा बाजार पटला साहेब. घरात एक रुपया चालला नाही. पण फोन उघडायचा नंबर सांगून ठेवलाय तिला. कधीतरी वापरील."

आणि एका सकाळी चपला घालता घालता ते दारातच खाली बसले. डॉक्टरला बोलावेपर्यंत संपलं होतं.

आमच्या शाखेतले या रुपयाचे आकडे त्या आठवड्यात घसरले आणि मग हळूहळू पूर्वीसारखे झाले. मी खूश झालो. वर कळवलं की योजना आता लोकांनी आपलीशी केली आहे. मुंबईच्या साहेबांनी त्यासाठीच पिशोरचा मांडव घालायला लावला होता. तिथे तो रुपया परत आला आणि माझी झोप उडाली. रात्री फोन उशाशी ठेवायचो तो स्वयंपाकघरात ठेवायला लागलो. बायकोने विचारलं, तर डोळ्यांना त्रास होतो म्हणालो.

एका सकाळी शहागंजात गेलो. गल्ली उघडत होती. बन्सीशेठ अगरबत्ती फिरवत होते. गल्ल्याशेजारचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, बटण दाबून झोपवला, कपाळाला लावला. मग शेजारच्या दुकानात वाजला. मग त्याच्या पुढच्या. कुणीतरी गल्लीतून चालत पुढे जावं, तसा तो आवाज एकेका दुकानाशी थांबत कोपऱ्यापर्यंत गेला. रस्त्यावर चालणारं कुणी नव्हतं. दोन कुत्री होती, आणि मी.

"शेठ, कुणाचा आला?" मी विचारलं.

"खलीलभाईंचा."

"शेठ, खलीलभाई तर..."

"मला माहीत नाही होय? खांदा दिलाय मी." बन्सीशेठने आवाज खाली आणला. "कुणी विचारत नाही इथं. तुम्हीपण नका विचारू. असलं विचारलं की बंद पडतं."

मी वर कळवलेले सगळे आकडे तेव्हा माझ्या डोळ्यांपुढून गेले. लोकांनी आपलीशी केलेली योजना! गल्लीत दिवसभर हा रुपया फार कुणी वापरतच नव्हतं. रोज सकाळी एक गेलेला माणूस येऊन प्रत्येकाला एक रुपया देत होता, आणि त्यावर मी शाबासकी घेत होतो.

खलीलभाईंच्या घरी गेलो. दार त्यांच्या लेकीने, नसरीनने उघडलं. ती शाळेत शिकवते. भाभी इद्दतमध्ये होत्या. नवरा गेल्यावर चार महिन्यांहून थोडे जास्त दिवस बाई घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. मला बाहेरच्या खोलीत बसवलं. आतल्या दाराला जाड हिरवा पडदा होता. त्या पडद्याकडे तोंड करून मी बसलो.

पडद्यामागूनच आवाज आला. "रुपयाचं इचारायला आलात ना, भाईसाब?"

"भाभी, मी त्या दिवशी चुकून पाठवला..."

"म्हनून तर लगेच परत केला. दुसऱ्याचा रुपया ह्या घरात झोपत नाय, तुमाला म्हाईतय."

मग त्याच सांगू लागल्या. "ते गेल्याच्या तिसऱ्या दिशी सकाळी फोन वाजला. बाजाराचं घड्याळ लावून ठेवलेलं त्यांनी, ते मला कुठं बंद करता येतंय? हातात घेतला. त्यांचा नंबर दाबला, उघडला. वरच बन्सीशेठचं नाव. काय तरी करायचं म्हनून टाकला एक रुपया. तिकडून लगेच दोन हात जोडलेलं चित्र आलं. मंग सुईवाल्याला. मंग गोळीवाल्याला. हे कसे जात आसतील तसंच, एकामागं एक. इतकी वर्सं म्हनायचे, चल एकदा, तुला माजी गल्ली दाखवतो. मी गेले नाय. आता पडद्याआड बसून रोज जाऊन येते."

नसरीनने माझ्याकडे पाहिलं. तिला कळत होतं. गेलेल्या माणसाचा नंबर दुसऱ्याने वापरायचा नसतो. बँकेला कळलं की फोनातलं त्याचं पैशांचं पाकीट बंद करायचं, शिल्लक वारसाला द्यायची. आणि बँकेला म्हणजे मला आत्ता कळलं होतं.

"बंद करायला लागंल ना?" पडद्यामागून प्रश्न आला.

"लागेल, भाभी. तुम्ही मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत आलात की." थोडं थांबून मी पुढे म्हणालो, "पण तुम्हाला तर आत्ता घराबाहेर पडता येत नाही. मग दाखला कसा आणणार?"

दाखला नसरीनही आणू शकली असती, हे तिघांनाही ठाऊक होतं. "इद्दत झाली की येते," भाभी म्हणाल्या. "स्वतः येते."

तेवढे दिवस मी कुणाला काही बोललो नाही. वर आकडे पाठवताना मात्र शाबासकीचा मजकूर गाळायला लागलो. रोज सकाळी दाढी करताना मला वाटायचं, आत्ता तो बन्सीशेठकडे पोचला असेल, आत्ता कोपऱ्यावर.

इद्दत संपली आणि भाभी आल्या, नसरीनबरोबर. माझ्या टेबलासमोर बसल्या, दाखला ठेवला, फोन ठेवला. तो ठेवता ठेवता पुन्हा उचलला. "आजची गल्ली व्हायचीय," म्हणाल्या. समोर बसून त्यांनी एकेका दुकानाला रुपया पाठवला. अंगठा जिभेला लावला नाही, पण एकेका नावाला पाठवून झालं की दर वेळी किंचित मान लववायच्या, दुकानापुढून जाताना लववतात तशी. शेवटचा गेला तेव्हा म्हणाल्या, "आता करा."

मी केलं. फोनावरचं खलीलभाईंचं नाव काळ्याचं राखाडी झालं आणि मग गेलं. हे काम मी कितीतरी जणांचं केलंय. त्या दिवशी मात्र शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि स्वतःच प्यायलो, भाभींना विचारायचंही राहिलं.

मग भाभींच्या नावाने, भाभींच्याच नंबरावर नवं पाकीट उघडून दिलं. "आता तुमच्या नावाने जाईल," मी म्हणालो. मोठ्या उत्साहाने म्हणालो, क्रांती चौकात बाण दाखवायचो तसा.

"माजं नाव तिथं कोनाला म्हाईतय?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बन्सीशेठच्या दुकानात होतो. फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि कपाळाला आठी घातली. "शमीम बेगम? कोण हो ही? चुकून आला वाटतं." आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी तो परत पाठवून दिला. शेजारच्याने परत पाठवला. त्याच्या शेजारच्याने. सगळी प्रामाणिक माणसं. अनोळखी रुपया ठेवायचा नाही हे त्यांना शिकवलंही खलीलभाईंनीच.

"शेठ," मी म्हणालो, "त्या भाभी आहेत. खलीलभाईंच्या."

बन्सीशेठ साखरेच्या पोत्यावर बसले. "भाभींचं नाव शमीम आहे?" इतक्या ईदांचा शीरखुर्मा खाल्लेला माणूस, पोत्यावर बसून मला हे विचारत होता. "मी बोहनी परत केली?"

"फोन लावतो मी त्यांना. पुन्हा पाठवतील."

"नका! बोहनी मागून घेत नाहीत." एक बाई साखर घ्यायला आली होती. तिला त्यांनी हाताने थांबवलं. आम्ही तिघं त्या फोनकडे बघत राहिलो. वाजला नाही. बाई वैतागून पुढच्या दुकानात गेली. तेव्हा बन्सीशेठ उठले, अनवाणीच गल्लीत उतरले आणि दुकानादुकानात सांगत गेले, "अरे, ते आपलंच माणूस आहे. उद्या आला तर ठेवा. परत करू नका." उद्या येईल की नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही. पुन्हा चूक नको म्हणून प्रत्येकाने तो नंबर नाव घालून आपापल्या फोनात जपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो, बन्सीशेठ माझ्याही आधी आले होते. फोन वाजला. त्यांनी तो वाचला आणि माझ्यापुढे धरला. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. खलीलभाई घर, यांच्याकडून एक रुपया मिळाला. शेजारी वाजला, पुढे वाजला. सगळ्यांनी हेच नाव घातलं होतं. आवाज एकेका दुकानाशी थांबत कोपऱ्यापर्यंत गेला. माणूस बंद करून आलो होतो मी, कागदोपत्री. तो परत आपल्या गल्लीतून चालला होता.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. आजवर लपवलेलंही सांगितलं. शेवट जरा रंगवून सांगितला, डोळ्यांत पाणी आणून. ती भाजी निवडत ऐकत होती. माझं झाल्यावर तिने विचारलं, "तुमच्या फोनात माझं नाव काय आहे?"

मी म्हणालो, "घर."

"बदला ते," ती म्हणाली. "मी आधी गेले आणि एखाद्या सकाळी रुपया आला, तर तो कुणाकडून आलाय ते कळू दे तुम्हाला."